नवसाची मोटारसायकल

"मॅडम, तुमची गाडी आभाळाकडं बघाय लागली," इलाहीभाई म्हणाला.

कारच्या मागे त्याने वेल्डिंग करून ओढकामाचा लोखंडी दांडा, म्हणजे टोबार, बसवला होता, टोबारवर लोखंडी रॅक, आणि रॅकवर आनंदामामांची मोटारसायकल आडवी उभी होती. कारची पुढची चाकं जमिनीला टेकल्यासारखी नुसती दिसत होती. इलाहीभाईने पोस्टकार्ड घेतलं आणि पुढच्या चाकाखालून आरपार काढून दाखवलं.

"पुढं दोन माणसं बसली की टेकतील," मी म्हणाले.

"टेकतील की. पण स्टेअरिंग वळवल्यावर गाडीला ते कळलं पाहिजे ना?"

मामा वर्कशॉपच्या दारात खुर्चीवर बसले होते. आमच्याकडे आत्तीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला, वजन उचलायला आणि संतापायला बंदी केली होती. पहिल्या दोन गोष्टी ते पाळत होते.

"माझ्या गाडीला नावं ठेवू नगंस," ते इलाहीभाईला म्हणाले. "जड हाय म्हंजे खानदानी हाय. तुमची कार हलकी, त्येला ती काय करील?"

"मामा, आपण सरळ छोटा टेंपो सांगू या. वर चढवली, बांधली, दोन तासांत देवळात."

"टेंपो न्हाई," शेजारी पदर खोचून उभी असलेली आत्ती म्हणाली. "ओढूनच न्यायची."

"का पण?"

"ओढून म्हंजे ओढून. टेंपोत घातली की ती वाहून नेल्यागत हुईल."

एवढं बोलून तिने पदर पुन्हा खोचला. आत्ती गप्प बसली की तिच्या तोंडून शब्द काढणं आणि दगडातून पाणी काढणं सारखंच.

झालं होतं ते असं. मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बुधवार दिला होता आणि उशीर करू नका असं दोनदा बजावलं होतं. मामा तयार होते, पोरं पैशाअडक्यासह तयार होती. अडून बसली होती ती आत्ती. सातेवाडीच्या रवळनाथाला तिचा एक नवस फेडायचा राहिला होता, मामांच्या मोटारसायकलचा. "जुना नवस फेडल्याबिगर देवाकडं नवं काय मागायला मला तोंड न्हाई," ती म्हणाली. "आन् न मागता मी ह्यांना त्या टेबलावर झोपवायची न्हाई." पोरांनी समजावलं, सुनांनी रडून बघितलं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण सगळ्या भावकीत कार चालवणारी आणि रविवारी रिकामी असणारी मी एकटीच होते.

मी गडहिंग्लजात बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. माझी कार म्हणजे ट्रेनिंगची. पुढेमागे लाल रंगातला इंग्रजी एल, टपावर 'महिलांना महिलांकडून' अशी पाटी, आणि डावीकडे शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा क्लच आणि ब्रेक. त्या जास्तीच्या ब्रेकचा विचार मी आधी करायला हवा होता.

नवसाचं मला काही केल्या कळत नव्हतं. सात वर्षांपूर्वी मामा आंबोलीच्या घाटात मोटारसायकलवरून पडले होते. पाय मोडला, डोक्याला मार लागून रात्रभर शुद्ध नव्हती. पाय जुळला, पण मोटारसायकल त्या दिवसापासून जी बंद पडली ती पडलीच. आजऱ्याचे, गडहिंग्लजचे, थेट निपाणीचे मिस्त्री आणून झाले. नवी कॉइल, नवा प्लग, नवी वायर. मामा दर रविवारी ती गोठ्यातून बाहेर काढायचे, पुसायचे, ताजं पेट्रोल घालायचे, कार्बोरेटर उघडून धुवायचे, त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे आणि पुन्हा बसवायचे. ती एकदाही चालू झाली नाही.

"तुझ्या आत्तीनं ती चालू व्हावी म्हणून नवस केलाय," मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तोंडावर नव्या नवरदेवाचा आनंद. "मला कवा बोलली न्हाई. जन्मभर माझ्या गाडीला सवत म्हणाली, आन् मागनं माझ्यासाठी देवाला साकडं घातलं. बघ बाई."

"पण मामा, ती चालू कुठं झालीय? मग फेडायचं काय?"

"त्येच मी तिला इचारलं. तर म्हणाली, तुमास्नी काय कळतंय?"

रॅकचा नाद सोडला. इलाहीभाईच्या ओळखीच्या बँजो पार्टीचा जनरेटर वाहायचा ट्रेलर होता. लग्नसराई संपली होती, म्हणून तो रिकामा पडला होता. इलाहीभाईने त्याला माझ्या टोबारला जोडलं, मोटारसायकल त्यावर उभी चढवली, चारी बाजूंनी दोर ताणून बांधली आणि हलवून पाहिली. हलली नाही. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'झंकार बँजो पार्टी. लग्न, बारसे व सर्व शुभकार्यांसाठी भेटा.' आत्तीने मोटारसायकलच्या हँडलला झेंडूचा हार घातला, हेडलाइटला कुंकू लावलं आणि चाकापाशी नारळ फोडला.

मागच्या सीटवर आत्तीला मळमळतं, म्हणून ती पुढे बसली. मामा मागे, गुडघ्यावर, तोंड मागच्या काचेकडे करून. मोटारसायकलवरची नजर त्यांना काढायची नव्हती.

गाव सोडून मैलभर गेलो असू, तोच कार जागच्या जागी थांबली. माझं कपाळ स्टेअरिंगला टेकलं. मागे ट्रेलर कर्रकन वाजला आणि मामा ओरडले, "अगं गाडी!"

आत्ती डोळे मिटून, हात जोडून बसली होती. उजवीकडे झाडाखाली मारुती होता.

"आत्ती, तुझ्या पायाखाली ब्रेक आहे."

"असूं दे की. देवाम्होरनं थांबल्याबिगर जायचं व्हय?"

"मनातल्या मनात थांब ना."

"मन थांबलं म्हंजे पायबी थांबतोय."

गडहिंग्लज ते आजरा या रस्त्यावर देवळं किती आहेत हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मारुती, लक्ष्मी, म्हसोबा, पुन्हा मारुती, एक दर्गा. दर्ग्यापाशीही आत्तीने ब्रेक दाबला. भेदभाव तिने केला नाही. मागून येणारे ट्रकवाले शिव्या देत पुढे जात आणि पुढे जाताना ट्रेलरवरची हार घातलेली मोटारसायकल बघून शिवी अर्धवट सोडत. एका गावात तर कुणाची तरी वरात आली म्हणून बायका ओट्यावर आल्या. एकीने विचारलं, "नवरा कुठाय?"

"मागं गुडघ्यावर बसलाय," मी सांगितलं.

आजऱ्याच्या अलीकडे पोलिसाने हात केला. तो कारभोवती एक पूर्ण चक्कर मारून खिडकीशी आला.

"पुढं शिकाऊचा बोर्ड. मागं बँजो. बँजोवर मोटारसायकल. आन् मोटारसायकलला हार." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्यात नेमकं काय चाललंय आणि शिकतंय कोण?"

"आमी समदीच," मामा मागून म्हणाले.

"मोटारसायकल चोरीची न्हाई ना?"

"चोरायला ती चालू तर व्हाय पायजे!"

"नवसाची हाय वो," आत्ती म्हणाली. "सातेवाडीच्या रवळनाथाला निघालोय."

पोलिसाचा चेहरा एकदम बदलला. तो मागे गेला, मोटारसायकलच्या हेडलाइटला हात लावून त्याने तो कपाळाला लावला आणि परत आला. "रवळनाथाची म्हणल्यावर मी काय बोलणार? जावा. तेवढं माझ्या बदलीचंबी घाला कानावर. दोन वर्सं झाली, घरापासनं लांब हाय." आत्तीने होकार दिला आणि, खरं सांगते, देवळात तिने ते लक्षात ठेवून सांगितलंही.

सातेवाडीच्या चढावर माझ्या कारचा जीव खरोखर जायला आला होता. पहिल्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर तळाला लावून आम्ही बैलगाडीच्या चालीने वर सरकत होतो. मागे ट्रेलरचं ओझं. अशा वेळी वळणावर शेंदूर फासलेला एक दगड दिसला. मी ओरडले, "आत्ती, पाय वर!" तिने दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घालून दगडाला हात जोडले. एवढ्या प्रवासात तिने माझं ऐकलं ते तेवढंच.

रवळनाथाचं देऊळ गावाच्या टोकाला, मोठ्या आवारात. आवारात दहाबारा माणसं सावलीला बसली होती. कमानीपाशी मी कार थांबवली. म्हातारा गुरव बाहेर आला. आत्ती त्याला बाजूला घेऊन गेली आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. गुरवाने आधी आत्तीकडे बघितलं, मग मामांकडे, मग मोटारसायकलकडे.

"नवसात बोललीस काय? 'ओढत आणीन'," तो म्हणाला. "आन् ही तर पाटलासारखी गादीवर बसून आली. वडला त्यो बँजोचा गाडा. हिला कुठं वडली?"

"आता गं?" मी म्हणाले.

"उतरवा. कमानीपासनं देवाच्या दारापर्यंत बाईनं स्वतः वडायची. दुसऱ्यानं जोर लावायचा न्हाई. हँडल धरलं तर चालंल."

सावलीतल्या माणसांनी मोटारसायकल उतरवून दिली. तिच्या पुढच्या दांड्यांना दोर बांधला. आत्तीने दोर खांद्यावरून घेतला, काष्टा घट्ट केला आणि वाकली. मामांनी हँडल धरलं. बासष्ट वर्षांची ती बाई, तिच्या मागे ती लोखंडाची म्हैस. आधी जागची हलेना. मग हलली. आत्ती दर दोन पावलांनी थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा ओढायची. चपला तिने कमानीबाहेर काढल्या होत्या आणि फरशी तापलेली होती. मी पुढे झाले तर गुरवाने नुसतं बोट दाखवून मला मागे सारलं. मला त्याचा राग आला, देवाचाही आला, सगळ्यांत जास्त आत्तीचा आला.

मामा हँडल धरून चालत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "बघ, वैजे," ते मला म्हणाले. "माझ्या गाडीपायी काय करतीया ती. मी उगंच तिला जन्मभर टोचून बोललो."

दारापाशी आल्यावर आत्ती खाली बसली. गुरवाने तिला पाणी दिलं, नारळ हातात घेतला आणि तो देवासमोर गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. त्या भागात देवाला काही सांगायचं तर गुरव ते मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा देतात.

"गुरवबाबा, जरा बारीक आवाजात घाला," आत्ती घाबरून म्हणाली.

"गाऱ्हाणं पुटपुटत घालायचं नसतंय, बाई." आणि त्याने घसा साफ केला. "बा देवा रवळनाथा महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. मामांचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

"ही तुझी लेक हौसाबाई, आनंदाची कारभारीण, तुझ्या दारात आली हाय!"

"व्हय महाराजा!"

"सात वर्सांमागं ही तुला बोलली हुती, की देवा, माझ्या धन्याची मोटारसायकल..."

"व्हय महाराजा!"

"...जन्मात परत कवा चालू हू नये!"

"व्हय महाराजा!" मामा जोरात म्हणाले.

या वेळी एकटेच म्हणाले. बाकी सगळे थांबले होते. मामांनी इकडेतिकडे बघितलं.

"काय म्हणाला त्यो?" त्यांनी मला विचारलं.

गुरवाने पुढचं ओघात म्हणून टाकलं. देवानं ऐकलं, बाईनं बोलल्याप्रमाणे ओढत आणली, नवस मान्य करून घे महाराजा. एक दोन जण चाचरत 'व्हय महाराजा' म्हणाले. सावलीतल्या एकाला हसू आवरेना, म्हणून तो खांबामागे गेला.

"अगं," मामा म्हणाले. "चालू हू *नये* म्हणून?"

आत्तीने पदर तोंडाला लावला होता.

"टाकीत साखर टाकलीस काय?"

"देवाशप्पथ न्हाई. मी हातबी लावला न्हाई. नुसतं मागितलं."

मामा पायरीवर बसले. हात लांब करून त्यांनी कार्बोरेटर बोटाने पुसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हंजे माझा कार्बोरेटर धुतल्या तांदळासारखा हुता?"

आता मलाही खांबामागे जावंसं वाटलं.

"सात वर्सं," मामा म्हणाले. "सात वर्सं मी त्येला नको नको त्या शिव्या दिल्या. त्या निपाणीच्या मिस्त्रीला मी तोंडावर गाढव म्हणालो. अगं, का?"

तेव्हा आत्ती उसळली. "का म्हणजे? घाटात पडलासा. रातभर मी दवाखान्यात उशाशी बसली. जगतोय का मरतोय कुणी सांगंना. सकाळी डोळं उघडलंसा आन् पयला शब्द काय बोललासा? 'गाडी कुठाय?' मी म्होरं बसलेली, माझ्याकडं बघून इचारलंसा, गाडी कुठाय! तवा मी म्हणलं, देवा, ह्या माणसाला मी आवरू शकत न्हाई. तू त्या गाडीला तरी आवर."

मामांनी खाली मान घातली. गुरवाने तेवढ्यात नारळ फोडून घेतला.

"नवस फिटला," तो म्हणाला. "देव मोकळा झाला."

मामांची मान वर आली. "मोकळा म्हंजे? आता चालू हुईल?"

"त्ये देवाचं काम न्हवं आता. त्ये तुमच्या मिस्त्रीचं."

मामा उठले. मोटारसायकलपाशी गेले, पेट्रोलचा कॉक उघडला, किल्ली फिरवली आणि किकवर पाय ठेवला. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "मामा, डॉक्टर काय म्हणालेत?"

"मग तू मार."

मी आत्तीकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं. नाही म्हणाली नाही. मी किक मारली. काही नाही. दुसरी मारली, आणि ती मोटारसायकल खोकली, काळा धूर सोडला आणि धडाधड चालू झाली. देवळाच्या शिखरावरची पाखरं उडाली. सावलीतले लोक उठून उभे राहिले. मामा टाळ्या वाजवत होते, खरंच टाळ्या वाजवत होते, लहान पोरासारखे.

मग त्यांनी आत्तीचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता. मामांच्या टाळ्या थांबल्या. त्यांनी हात पुढे करून किल्ली बंद केली.

"आता माग," ते तिला म्हणाले. "नवं काय मागायचं त्ये. बुधवारचं."

आत्ती देवासमोर उभी राहिली. गुरव तिच्याकडे बघत होता. या वेळी ती पुटपुटली नाही, स्वतःच मोठ्याने बोलली. "देवा, ह्यांना त्या टेबलावरनं उठीव."

"आन् तू काय करशील?" गुरवाने विचारलं.

आत्ती मागे वळून मोटारसायकलकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ती मामांच्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. दोघं बाजाराला जायची तेव्हा ती एस्टीने जायची आणि मामा मोटारसायकलवरून एस्टीच्या मागे मागे.

"ह्यांच्या मागं," ती म्हणाली, "त्या गाडीवर बसून तुझ्या दारात येईन."

गुरवाने ते गाऱ्हाण्यात घातलं. सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले. मामांचा आवाज सगळ्यांत उशिरा आला आणि तो खणखणीत नव्हता.

ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर आल्यावर मामांनी पहिला शब्द काय उच्चारला हे आत्तीने आम्हाला कधीच सांगितलं नाही. विचारलं की लाजायची. दिवाळीनंतर डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली आणि मामांचा मला निरोप आला. "ट्रेलर घेऊन ये. गाडी चालू हुईना."

"परत?" मी फोनवर ओरडले. "देवळात तर दोन किकमध्ये झाली होती!"

"जुनी गाडी हाय. तिच्या मनावर."

आत्ती मोठ्या काळजीत असल्यासारखं दाखवत होती. "आता गं कसं? मी तर बोलून बसली." पण तिने शब्द काय वापरले होते ते सगळ्यांना पाठ होतं. ह्यांच्या मागं, त्या गाडीवर बसून. इंजिनाबद्दल ती काही बोललेली नव्हती. सातेवाडीच्या वेशीपर्यंत दोघं कारमध्ये बसून आली. वेशीत मी ट्रेलरचे दोर पुन्हा ताणून बघितले, आणि तेव्हा मला दिसलं. प्लगवरची टोपी काढलेली होती. वायर नुसती लोंबत होती, अशात ठिणगी कुठून पडणार?

मी ती बसवायला हात घातला. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, मीच काढलीया," ते म्हणाले. आत्ती कारच्या पलीकडे पदर नीट करत होती. "ती लई भितीया गं."

मग दोघं ट्रेलरवर चढली. मामा मोटारसायकलवर बसले, हँडल धरलं. आत्ती मागे बसली, एका बाजूला पाय सोडून, आणि तिने मामांच्या कमरेला दोन्ही हातांनी असा विळखा घातला की मामा म्हणाले, "अगं, टाके." मी कार पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि देवळाकडे निघाले. लोक दारात आले. आरशात मला दोघं दिसत होती. मामा पुढे बघत होते, वळण आलं की हँडल वळवल्यासारखं करत होते. आत्तीने डोळे मिटून त्यांच्या पाठीत तोंड खुपसलं होतं.

"अवो, सावकाश चालवा की!" ती ओरडली.

"सावकाशच चालवतोय," मामा म्हणाले, आणि त्यांनी हँडलचा ब्रेक दाबला.

मी कार आणखी हळू केली.